पंखा नसलेला संगणक

'संगणक' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पडदा, कळफलक आणि समोर बसलेला माणूस येतो. पण पुष्कळ संगणकांसमोर कुणीच बसलेले नसते. रेल्वेच्या डब्यात, टोलनाक्यावर, पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, लोखंडी पेटीच्या अंधारात ते वर्षानुवर्षे चालू असतात. इंग्रजीत त्यांना 'रग्ड एम्बेडेड इंडस्ट्रियल कॉम्प्युटर' असे लांबलचक नाव आहे. 'एम्बेडेड' म्हणजे दुसऱ्या यंत्रणेत रोवून बसवलेला, तिचाच अवयव झालेला. 'रग्ड'साठी दणकट, कणखर असे शब्द वापरता येतात. मला मात्र 'रांगडा' हा शब्द जास्त जवळचा वाटतो. ऊन, धूळ, धक्के सोसत तक्रार न करता राबणे हा त्यात अभिप्रेत असलेला गुण या यंत्रात असावा लागतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांत असे संगणक जोडून बसवून देणे हा माझा व्यवसाय आहे. गिऱ्हाईक बहुधा पहिला प्रश्न विचारते, "डबा किती मजबूत आहे?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. डबा कितीही जाड असला तरी आतला एक स्क्रू, एक रबरी पट्टी किंवा एक तार नीट बसली नसेल, तर तो घरातल्या संगणकापेक्षाही लवकर मान टाकतो. रांगडेपणाचा निम्मा भाग बनवणाऱ्याकडून येतो आणि निम्मा जोडणाऱ्याच्या हातून. हा दुसरा निम्मा भाग कसा घडतो आणि त्यावर कुणाचे काय अवलंबून असते, हे या लेखात मांडायचे आहे.

रिलेपासून चंद्रापर्यंत

१९६०च्या दशकात कारखान्यांतली यंत्रे रिलेंवर चालत. रिले म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा लहानसा खटका. असे शेकडो खटके तारांनी एकमेकांना जोडून 'हे झाले की ते कर' हा क्रम ठरवला जाई. मोटारीचे नवे मॉडेल आले की त्या तारा उपसून पुन्हा नव्याने जोडाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने यावर उपाय मागितला: तारा न बदलता नुसता प्रोग्रॅम बदलून काम भागावे. बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उपकरण तयार केले. कंपनीचा तो ८४वा प्रकल्प, म्हणून त्याचे नाव '०८४' पडले, आणि ते विकण्यासाठी निघालेल्या कंपनीचे नाव मोडिकॉन. आज ज्याला सगळे कारखाने 'पीएलसी' म्हणतात, त्याच्या आद्य पूर्वजांपैकी हा एक. त्यात पंखा नव्हता. बाहेरची हवा आत आली की तिच्यासोबत धूळ आणि गंज येणार, म्हणून हवा आत येऊच द्यायची नाही, असे बनवणाऱ्यांनी ठरवले होते.

त्याच सुमारास दुसरा एक बिनपंख्याचा संगणक चंद्राकडे निघाला होता. अपोलो यानातल्या मार्गदर्शक संगणकाचे वजन सुमारे ३२ किलो होते आणि तो सुमारे ५५ वॅट वीज घेई. जिथे हवाच नसण्याची शक्यता, तिथे पंखा काय कामाचा? म्हणून त्याचे बंद कप्पे धातूच्या थंड पट्टीवर घट्ट बसवलेले होते आणि त्या पट्टीतून द्रव फिरत असे. उष्णता धातूतून धातूत जाई. त्या संगणकात 'नाइट वॉचमन' नावाचे एक मंडलही होते. प्रोग्रॅमने ठरलेल्या वेळात हजेरी लावली नाही, तर ते संगणक पुन्हा सुरू करी. ही हजेरी आणि धातूतून उष्णता वाहून नेण्याची ही रीत, दोन्ही गोष्टी आज वजनकाट्याच्या खोलीतल्या पेटीतही भेटतात.

काट्याची खोली

साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी टाकली जाते आणि गाडीतळावर ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या यांच्या रांगा लागतात. प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर येते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस.

काट्याच्या फलाटाखाली लोडसेल असतात. लोडसेल हा पोलादाचा ठोकळा. वजन पडले की तो डोळ्यांना दिसणार नाही इतका दबतो. त्याच्या अंगावर चिकटवलेल्या बारीक पट्ट्यांचा विद्युतरोध त्या दबण्याने बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा संकेत मिळतो. काट्याचा दर्शक त्या संकेताचे किलोत रूपांतर करतो. काट्याची पडताळणी वैधमापन विभाग करतो, त्याचे सील असते आणि त्यात कुणी हात घालायचा नसतो. आमचा संगणक फक्त दर्शकाचा आकडा तारेवरून वाचून घेतो, त्याला गाडीचा क्रमांक, शेतकऱ्याचा कोड, तारीख आणि वेळ जोडतो आणि पावती छापतो.

ही पावती म्हणजे वर्षभराच्या राबण्याचा लेखी पुरावा. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि ते पैसे ठरतात याच वजनावर. संगणक बंद पडला की आकडे वहीत हाताने लिहिले जातात. रांग लांबते, तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजनाला घटतो. हाताने लिहिलेल्या आकड्याकडे शेतकरी संशयाने पाहतो. काटामारी हा शब्द आपल्याकडे उगाच रुळलेला नाही. त्याच्यापाशी पडताळायला दुसरे काही नसते. म्हणून एका लहानशा पेटीचे चालू राहणे ही केवळ तांत्रिक बाब उरत नाही.

आता या खोलीचे हवामान पाहा. वर पत्र्याचे छप्पर. दारातून रस्त्याची धूळ, चिपाडाचा भुसा, धुराड्याची राख. भरलेली गाडी फलाटावर चढली की जमिनीला बसणारा हादरा, दिवसातून शेकडो वेळा. मोठी मोटर सुरू झाली की विजेचा दाब खाली जातो, बंद झाली की वर उसळतो. शिवाय पाली आणि मुंग्या. उबेला आलेली पाल सर्किटवर चिकटून वीज जोडून देते आणि दोघांचाही शेवट होतो. या सगळ्याला पेटीने उत्तर द्यायचे असते.

उष्णतेची वाट

घरातल्या संगणकात पंखा असतो. कारखान्यात तो दोन कारणांनी नकोसा होतो. एक, हवा ओढताना तो धूळही ओढतो. दुसरे, सगळ्या यंत्रात सतत फिरणारा तोच एक भाग. त्याची बेअरिंग झिजते आणि तो थांबला की बाकी सारे ठणठणीत असूनही संगणक बंद पडतो. म्हणून रांगड्या संगणकात पंखा काढून टाकतात आणि पेटीलाच रेडिएटर करतात. वरच्या झाकणावर दिसणारे ॲल्युमिनियमचे पंख शोभेचे नसतात. प्रोसेसरची उष्णता तिथवर पोचवायची असते आणि तिथून ती आसपासच्या हवेला द्यायची असते.

हे 'पोचवणे' जोडणाऱ्याच्या हातात असते. प्रोसेसर आणि धातूचा ठोकळा एकमेकांवर ठेवले तरी दोघांच्या पृष्ठभागांत सूक्ष्म उंचवटे राहतात आणि मध्ये हवा अडकते. हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता साधारण २०० एककांची, तर हवेची ०.०२६. ही फट भरायला मऊ थर्मल पॅड ठेवतात. त्याची वाहकता साधारण ३ ते ६ असते. धातूच्या मानाने ती फारच कमी, पण हवेच्या शंभर-दोनशे पट.

थोडा हिशेब मांडू. समजा प्रोसेसर १५ वॅट उष्णता टाकतो आणि पॅड २० मिलिमीटर लांब-रुंद, १ मिलिमीटर जाड आहे, वाहकता ५. अशा पॅडच्या दोन बाजूंत साधारण साडेसात अंशांचा फरक पडतो. पॅडऐवजी केवळ ०.१ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीएवढा हवेचा थर राहिला, तर तोच फरक गणिताने १४० अंशांच्या वर जातो. प्रत्यक्षात प्रोसेसर तिथवर पोचतच नाही. साधारण १०० अंशांपाशी तो आधी वेग कमी करतो आणि मग स्वतःला बंद करतो.

पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकचा कागद असतो. बसवण्यापूर्वी तो सोलून काढायचा. ही गोष्ट इतकी क्षुल्लक आहे की पुस्तिकेत तिला एक ओळ मिळते. एका कारखान्यात नोव्हेंबरपासून नीट चाललेला काट्याचा संगणक फेब्रुवारीच्या शेवटी रोज दुपारी अडीच-तीनच्या सुमारास बंद पडू लागला. रात्री मात्र उत्तम चाले. सॉफ्टवेअर बदलून झाले, विजेचा पुरवठा बदलून झाला, एकदा नारळही फोडला गेला. मला बोलावले तेव्हा झाकण उघडून पाहिले. पॅडची एक बाजू अजून निळ्या कागदात होती. हंगामापूर्वी ज्याने कुणी जोडणी केली, त्याने एकच बाजू सोलली होती.

०.०५ मिलिमीटरच्या कागदाने काय बिघडते? गणित केले तर आणखी सुमारे ९ अंश, आणि कागदाखाली बुडबुडे असतील तर जास्त. हिवाळ्यात हे ९ अंश खपून गेले. फेब्रुवारीच्या दुपारी पत्र्याखालची खोली ३८ अंशांवर, पॅनेलच्या आत त्याहून १० जास्त, पेटीची धातू आणखी २०-२५ अंशांनी तापलेली; म्हणजे प्रोसेसरने आपली भर घालण्याआधीच ७० पार. तिथे ९ अंशांची उधारी चुकवायला जागा उरली नव्हती. नवा पॅड घालायला आणि झाकण बसवायला वीस मिनिटे लागली. त्याआधीचे आठ दिवस दुपारी गाड्या ताटकळल्या, त्यांच्या मालकांना मात्र बिघाड कशाचा होता हे कधी कळलेही नसेल.

उष्णतेची वाट पेटीपाशी संपत नाही. पंख उभ्या दिशेने असावेत, म्हणजे तापलेली हवा वर सरकते आणि खालून थंड हवा येते. पेटी आडवी निजवली किंवा तिच्या वर पॉवर सप्लाय चिकटवला, की ही चाल मोडते. पॅनेलमध्ये पेटीच्या वर-खाली चार बोटे जागा मोकळी सोडायला पैसे लागत नाहीत, फक्त आधी विचार लागतो.

उष्णतेचा दुसरा परिणाम सावकाश होतो. विजेच्या मंडलातले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मेच आयुष्य जगतात, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून थोडा जास्त टिकतो. तोच ५५ अंशांवर ठेवला तर सात वर्षांच्या पुढे जातो. बिघाड आज दिसत नाही. पण नीट न बसवलेल्या पॅडची किंमत तिसऱ्या हंगामात द्यावी लागते.

स्मृती, साठवण आणि अंगातली वीज

झाकण उघडण्यापूर्वीची पहिली पायरी म्हणजे मनगटाला पट्टा बांधणे. आपल्या अंगावर साचलेली स्थिर वीज आपल्याला जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. सर्किटमधले काही भाग १०० व्होल्टमध्येही दुखावतात. देशावरचा कोरडा हिवाळा आणि पॉलिएस्टरचा शर्ट ही जोडी यासाठी फार वाईट. दुखावलेला भाग त्याच वेळी मरेल असे नाही. तो अधू होतो, चाचणीत पास होतो आणि भर हंगामात दगा देतो. पट्ट्याच्या तारेत १ मेगओहमचा रोध असतो. अंगातली वीज त्यातून हळूहळू जमिनीत जाते, आणि चुकून २३० व्होल्टच्या तारेला हात लागलाच तर पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. आधार आणि सुरक्षा अशी दुहेरी सोय त्या एका रोधात आहे.

मग रॅम. लहान पेट्यांत लॅपटॉपसारखी पट्टी असते; डीडीआर४ प्रकारात तिला २६० सोनेरी टोके असतात. ती तिरकी घालायची, टोके खोबणीत दिसेनाशी होईपर्यंत आत सारायची आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या खिट्या 'टक' करून लागल्या पाहिजेत. एकाच बाजूचा आवाज आला तरी संगणक सुरू होतो, आणि तिथेच फसगत असते. हादऱ्यांनी पट्टी केसभर हलत राहते, टोकांवरचा मुलामा घासतो, संपर्क बिघडतो आणि महिन्यातून एकदा विनाकारण बंद पडणारा संगणक तयार होतो.

साठवणीसाठी एसएसडी. नेहमीच्या एम.२ प्रकारची पट्टी २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब असते आणि टोकाला एका बारीक स्क्रूने आवळली जाते. इथे निवड महत्त्वाची. एसएसडीत माहिती सूक्ष्म खणांत विजेच्या भारांच्या रूपात राहते. एका खणात एकच बिट ठेवायचा तर भाराच्या दोन पातळ्या ओळखाव्या लागतात; तीन बिट ठेवायचे तर आठ. पातळ्या जितक्या जवळ, तितका तो खण उष्णतेला आणि वारंवार पुसण्याला नाजूक. म्हणून औद्योगिक वापरासाठी काही एसएसडी तीन बिटांच्या खणात मुद्दाम एकच बिट ठेवतात. क्षमता तिसऱ्या हिश्श्यावर येते, आयुष्य मात्र कित्येक पटींनी वाढते. चांगल्या औद्योगिक एसएसडीत काही कपॅसिटरही असतात. वीज अचानक गेली तर अर्धवट लिहिलेली नोंद पुरी करण्यापुरता श्वास ते देतात. काट्यावर याचा अर्थ सरळ आहे: वीज गेली तेव्हा काट्यावर जी गाडी उभी होती, तिची नोंद राहते.

लेबल कसे वाचावे

पेटीवर 'आयपी ६५' असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा घन पदार्थांविरुद्ध, दुसरा पाण्याविरुद्ध. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ५ म्हणजे पाण्याच्या झोताने नुकसान होत नाही. पण बाजारातल्या पुष्कळ बिनपंख्याच्या पेट्या 'आयपी ४०' असतात: १ मिलिमीटरची तार आत जाणार नाही एवढीच हमी, पाण्यापासून संरक्षण शून्य. चिपाडाची धूळ १ मिलिमीटरहून फार बारीक असते. अशी पेटी वाईट नव्हे. ती बंद पॅनेलमध्येच बसवायची असते, इतकेच. आणि ६५ लिहिलेल्या पेटीचेही एक जरी तोंड टोपणाशिवाय उघडे राहिले, तरी तो आकडा गळून पडला.

'मिल-एसटीडी-८१०' हे नाव तर ग्राहकाला भारावून टाकते. हे अमेरिकन लष्कराचे, १९६२मध्ये प्रथम निघालेले चाचणीपद्धतींचे मानक आहे. उष्णता, आर्द्रता, धूळ, हादरे यांच्या चाचण्या कशा घ्याव्यात हे त्यात आहे. कोणत्या घ्याव्यात हे यंत्र कुठे वापरणार त्यावरून ठरवायचे असते. म्हणून नुसते नाव पाहून समाधान मानू नये. कोणती चाचणी, किती तीव्रतेची, आणि कोणते भाग आत बसवून, हे विचारावे. 'उणे ४० ते अधिक ७०' असे लिहिलेल्या पेटीत ० ते ७० अंशांचीच हमी असलेला साधा बाजारी एसएसडी घातला, तर खालची हमी तिथेच संपली. वरची टिकेल असे वाटते, पण पेटीच्या आतली हवा बाहेरच्या हवेहून नेहमीच गरम असते. साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकीच ओढ घेते.

तारा

माझ्या अनुभवात काट्यावरचे निम्म्याहून अधिक 'संगणक बिघडले' हे प्रत्यक्षात तारांचे बिघाड असतात. अशा पेट्या बहुधा ९ ते ३६ व्होल्टपर्यंतचा कोणताही एकदिश दाब घेतात. २४ व्होल्टचा पुरवठा दिला की दाब वरखाली झाला तरी त्यांना हिसका बसत नाही. पण ही सहनशक्ती टर्मिनलपर्यंत येणाऱ्या तारेवर विसंबून असते. तारेचे बारीक पदर उघडे सोडून स्क्रूखाली दाबले तर ते हळूहळू पसरतात आणि पकड सैल होते. अनेक वायरमन त्यावर उपाय म्हणून टोकाला कथिल लावतात. दिसायला ते नीट दिसते, पण कथिल मऊ असते; सततच्या दाबाखाली ते सरकत राहते आणि काही महिन्यांत स्क्रू ढिला होतो. योग्य रीत म्हणजे टोकावर नळीसारखा लग बसवून तो पकडीने चेपणे. त्याला रुपया-दोन रुपये लागतात.

दर्शक आणि संगणक लांब असतील तर आरएस-४८५ ही दोन पिळलेल्या तारांची पद्धत वापरतात. जुन्या आरएस-२३२ला साधारण १५ मीटरपर्यंतच भरवसा. ४८५ कमी वेगाने १,२०० मीटरपर्यंत जाते. दोन तारांवर उलटसुलट संकेत जातो आणि घेणारा फक्त दोघींमधला फरक पाहतो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि फरकात वजा होतो. मात्र तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध हवा, नाहीतर संकेत टोकावर आपटून परत येतो आणि आकडे फाटतात. तपासायला सोपे आहे: वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा. साधारण ६० ओहम दिसले तर दोन्ही रोध जागेवर आहेत. १२० दिसले तर एक गहाळ आहे. ४० दिसले तर कुणीतरी मध्येच तिसरा लावला आहे. एवढ्या एका मापाने रात्रभराची शोधाशोध वाचते.

पेटीची धातू जाड, आखूड तारेने भूमिगत करणे आणि मोटरच्या तारांपासून संकेताच्या तारा लांब ठेवणे हेही याच कामात येते. परतीच्या पावसातल्या विजा उघड्यावरच्या लोडसेलवाटे आत शिरतात; त्यांच्यासाठी तारेच्या तोंडाशी वेगळे संरक्षक बसवावे लागते.

शेवटची मांडणी

सगळे बसले की पेटी सुरू करून तिच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, तीन गोष्टी ठरवायच्या. वीज परत आली की बटण न दाबता संगणक आपोआप सुरू व्हावा. कळफलक आणि पडदा जोडलेला नसला तरी त्याने अडू नये. आणि राखणदार, म्हणजे वॉचडॉग टाइमर, चालू असावा. हा राखणदार मनाशी उलटे आकडे मोजत असतो. काट्याच्या प्रोग्रॅमने वेळोवेळी त्याला 'जागा आहे' असे कळवायचे. कळवले नाही तर आकडे शून्यावर येतात आणि संगणक पुन्हा सुरू होतो. चंद्रयानातल्या रात्रीच्या पहारेकऱ्याचाच हा वंशज.

घड्याळाकडेही पाहायचे. वीज नसताना ते नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सीआर२०३२ बॅटरीवर चालते. ती संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. पावतीवर चुकीची तारीख म्हणजे १४ दिवसांची मोजदादच चुकली. काही रुपयांची ही बॅटरी दर दोन-तीन हंगामांनी, हंगाम सुरू होण्यापूर्वी बदलावी.

मग पेटी पूर्ण भारावर निदान एक दिवस-रात्र चालवून तापमान नोंदवायचे. माझी पद्धत अशी की दुपारी तीनचे आणि पहाटे पाचचे आकडे एका कागदावर लिहून तो पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवायचा. त्याच कागदावर मराठीत: जोडणीची तारीख, पॅड कधी बदलला, बॅटरी कधी बदलली, दोन तारांतले ओहम किती, कोणती तार कुठे जाते. पुस्तिका इंग्रजीत असते आणि बहुधा कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद असते. काट्यावरच्या मुलाचे आयटीआय झालेले असते, हात चांगले असतात, समजही असते. फक्त ही माहिती त्याच्या भाषेत कुणी लिहून ठेवलेली नसते. ती तोंडी चालत येते आणि जाणकार माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर निघून जाते.

त्या कागदाचा उपयोग कधी होतो? रात्री दोनला, जेव्हा गाडीतळावर चाळीस गाड्या उभ्या असतात, अभियंता घरी झोपलेला असतो आणि पडद्यावर वजन येत नसते. त्या वेळी मल्टिमीटर लावून ६०च्या जागी १२० दिसले की त्या मुलाला कळते, कोणते टोक तपासायचे. तो स्क्रू आवळतो, आकडा पुन्हा येतो, पुढची गाडी फलाटावर चढते आणि खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातात छापील पावती पडते.